घर बांधताना काळी आणि पांढरी

महाराष्ट्रातील खेड्यांत गावच्या भूमीचे पूर्वापार दोन भाग मानले जातात. पीक येते ती काळी आणि वस्ती असते ती पांढरी. जुन्या जाणत्यांनी गावठाणासाठी बहुधा उंचवट्याची व घट्ट भुईची जागा निवडली. कुटुंबे वाढली, गावठाण अपुरे पडले आणि नवी घरे काळीच्या कडेस उभी राहू लागली. बुलढाणा जिल्ह्यात घरबांधणीच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ येथेच आहे. पैसा खर्च करण्यापूर्वी घरधन्याने दोन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत: घराखालची माती कोणती, आणि त्या जागेचा कागद कोणता?

काळीचा स्वभाव

काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते. शेतात पडणाऱ्या भेगा शेतकऱ्यास अपरिचित नाहीत. हीच हालचाल घराखाली झाली म्हणजे पाया एकीकडे उचलला जातो, दुसरीकडे खचतो, भिंतीस तिरपी भेग पडते आणि दाराची चौकट आवळते. अशा भिंतीस केवळ नवा गिलावा करून काही साधत नाही, कारण दोष भिंतीत नसून पायात असतो.

घाटावर पुष्कळ ठिकाणी मुरूम थोड्या खोलीवर लागतो. तेथे पाया मुरमापर्यंत न्यावा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळीचा थर खोल आहे. अशा मातीसाठी रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबांची पद्धत विकसित केली. असे खांब खोल काळ्या मातीत किमान साडेतीन मीटर उतरवावे लागतात. म्हणून येथे अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून खोदाईस हात घालू नये. जोत्याच्या पातळीवर लोखंडी सळ्यांचा अखंड पट्टा घ्यावा. खोदलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नये, तेथे मुरूमच भरावा.

पायाचा दुसरा शत्रू पाणी होय. घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी करावी व न्हाणीचे पाणी भिंतीपासून दूर परसबागेत सोडावे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील खारपाण पट्ट्यात आणखी एक दक्षता हवी. विहिरीचे खारे पाणी काँक्रीट कालविण्यास किंवा त्यावर मारण्यास वापरू नये. त्यामुळे सळ्या गंजतात आणि छत अकाली निकामी होते.

घर आधीच तडकले असेल तर घाई करू नये. प्रथम पाण्याची वाट बदलावी. भेगेच्या दोन्ही टोकांशी खूण करून तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा पाहावा. भेग वाढली नाही तर डागडुजी पुरे होते. वाढली तर पाया तपासून घ्यावा.

जुने धाब्याचे घरही टाकाऊ समजू नये. त्याच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात थंडावा देतात. मृगापूर्वी धाब्यावर पांढरी माती टाकून उतार नीट करावा, पन्हळी मोकळ्या कराव्यात आणि तुळयांची टोके वाळवीसाठी पाहावीत. मात्र मातीच्या भिंतींवर स्लॅबचे ओझे कदापि टाकू नये.

पांढरीचा कागद

शेतकरी सातबारा जिवापाड जपतो, पण राहत्या घराच्या कागदाकडे तितके लक्ष देत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा मुख्यत्वे कर आकारणीचा उतारा आहे. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. तीत गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी करून घरमालकास मिळकत पत्रिका देण्याची तरतूद आहे. मोजणीपूर्वी चुन्याने हद्दी दाखविताना घरधन्याने व शेजाऱ्याने दोघांनीही हजर राहावे. त्या वेळी गैरहजर राहिलेल्यास पुढे हद्दीचा वाद निस्तरीत बसावे लागते. घर अद्याप आजोबांच्या नावे असेल तर वारसांची नोंद आधी करून घ्यावी. भावाभावांतील तंटा पायाभरणीनंतर उपस्थित झाला तर बांधकाम अर्ध्यावर राहते.

पैशाची जुळणी

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य आणि २५ चौरस मीटरचे किमान क्षेत्र ठरविण्यात आले. म्हणजे चौरस मीटरमागे ४,८०० रुपये झाले. कोणी हौसेने ४० चौरस मीटरचा पाया घातला, तर तीच रक्कम चौरस मीटरमागे ३,००० रुपयांवर येते आणि भिंती छपरावाचून उभ्या राहण्याचा धोका वाढतो. लहान घर पुरे करावे व पुढील खोलीसाठी जागा राखावी, हेच शहाणपणाचे. मूळ रकमेत पुढे भर पडलेली असल्याने चालू आकडा पंचायत समितीत विचारावा. साहाय्य हप्त्याने मिळते आणि प्रत्येक हप्ता कामाच्या प्रगतीवर अवलंबून असतो, हेही ध्यानी असावे.

पीककर्ज घराच्या भिंतीत घालण्याचा मोह टाळावा. पीककर्ज हंगामाअखेर फेडावयाचे असते, घर मात्र हंगामी उत्पन्न देत नाही. सोयाबीन किंवा कपाशी हातची गेली तर घरही अपुरे आणि नवे कर्जही बंद, अशी दुहेरी अडचण होते. घरासाठी कर्ज घ्यावयाचे तर ते अनेक वर्षांच्या मुदतीचे घ्यावे. तारणासाठी मिळकत पत्रिका उपयोगी पडू शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरकुलाच्या लाभार्थ्यास पहिला हप्ता मिळण्यापूर्वीच गाठावे, जागेवर खड्डा घेऊन माती पाहावी, कागद तपासावा आणि घराची नोंद पतिपत्नी उभयतांच्या नावे होईल याची खात्री करून घ्यावी. पाया घालण्यापूर्वी दिलेला सल्ला अल्प खर्चात अमलात येतो, नंतरची दुरुस्ती मात्र कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या कमाईस पुरून उरते.