आरमारी हवालदार : हुकूम आणि माणसं यांच्या मधला माणूस

‘सार्जंट’ म्हटलं की जुन्या मुंबईकराला इंग्रज अमदानीतला गोरा पोलीस आठवतो. फौजेतल्या सार्जंटासाठी मात्र आपल्याकडे जुनाच शब्द आहे : हवालदार. ज्याच्या हवाली माणसं केलेली असतात तो. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. समुद्रावर याच जातीचं काम तांडेलाचं. माहुलसारख्या कोळीवाड्यात नाखवा होडीचा मालक, खलाशी जाळं ओढणारे, आणि पाण्यावर सगळ्यांना एका वेळी कामाला लावणारा तांडेल.

आरमारी पायदळात, म्हणजे मरीन दलात, या मधल्या माणसाचं वजन आणखी वाढतं. मरीन हा जहाजावर राहणारा शिपाई. पहारा करायचा, लढाईत डेकवरून बंदूक चालवायची, किनाऱ्यावर उतरून लढायचं, ही त्याची कामं. इंग्रजी जहाजांवर आणखी एक काम असे : खलाशांनी बंड केलं तर अधिकाऱ्यांचं रक्षण करायचं. जहाजावर कुमक लवकर पोहोचत नाही. अशा जागी अधिकाऱ्याचा हुकूम शिपायांच्या हातापायांत उतरतो तो सार्जंटाच्या आवाजातून.

मुंबईत असं दल होतं. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या जहाजांसाठी १७७७ मध्ये ‘मरीन बटालियन’ उभारली. शिपाई देशी, वरचे अधिकारी गोरे, मध्ये हवालदार. पुढे १९०३ मध्ये ती १२१वी पायोनियर पलटण झाली आणि १९३३ मध्ये बाँबे पायोनियर्स मोडली तेव्हा तिचाही शेवट झाला.

या बटालियनचा एक हवालदार इतिहासात नावानिशी उरला : सय्यद हुसेन. तो ड्रिल हवालदार, म्हणजे कवायत शिकवणारा. १८५७ च्या दिवाळीत मुंबईत उठाव करायचा बेत देशी पलटणींत शिजत होता. सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी बैठका होत. पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेटने शेजारच्या खोलीतून भिंतीच्या भोकाला कान आणि डोळा लावला. पुढे मरीन बटालियनचा अधिकारी बॅरो यालाही तिथे नेलं. आत आपलीच माणसं पाहून बॅरो हादरला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, सय्यद हुसेन आणि १०व्या देशी पलटणीचा शिपाई मंगल गडिया यांना एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं. देशी पलटणी समोर उभ्या केल्या होत्या.

ही हकीगत प्रामुख्याने फोर्जेटच्या लेखणीतून आली आहे, म्हणजे पकडणाऱ्याच्या. तरी तिच्यातली एक गोष्ट लपत नाही : सरकारला धास्ती होती ती कवायत शिकवणाऱ्याची. ज्याच्या शब्दावर पलटण डावं-उजवं वळते, तोच वळला तर उरलेली पलटण कुणाची?

कल्पित सार्जंटांशी हे ताडून पाहावं. ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) मधला गनरी सार्जंट हार्टमन शिव्यांच्या भडिमाराने पोरांना मरीन बनवतो. ती भूमिका करणारा आर. ली अर्मी खरोखरच मरीन दलात ड्रिल शिकवत असे. हार्टमन मरतो तो आपणच घडवलेल्या पोराच्या गोळीने. ‘एलियन्स’ (१९८६) मधली अंतराळातली तुकडी सार्जंट एपोन हातचा गेल्याबरोबर विस्कटते, कारण लेफ्टनंट नवखा असतो. दोन्हीकडे सार्जंट किती लागतो हे कळतं. पण तो स्वतः कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न तिथे उठतच नाही. तो हुकमाचाच, हे गृहीत धरलेलं असतं.

सय्यद हुसेनच्या बाबतीत ते गृहीत धरता आलं नाही. हवालदार हा हुकुमाचा नुसता कर्णा नव्हे. वरून आलेला शब्द खाली द्यायचा की नाही, हे शेवटी त्याला ठरवता येतं. त्या वर्षी मुंबईत एकाने ते ठरवलं आणि त्याची किंमत दिली. आझाद मैदानावरून लोकल पकडायला धावताना एवढं आठवलं तरी पुरे.