झाडांचे मातीतील सोबती

कसालहून मालवणकडे जाताना जांभ्या दगडाची भरड जमीन लागते. तीत काजू व आंब्याच्या बागा, तर सखल भागी माड-पोफळी आढळतात. उन्हाळ्यात बागेतील पातेरा गोळा करून झाडाखालीच पेटविण्याची रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यायोगे बाग स्वच्छ दिसते खरी. परंतु झाडास पोसणारे सूक्ष्म जीवही त्या आगीत होरपळतात.

जांभ्या मातीत स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडलेले असते. मुळांस ते सहजी मिळत नाही. या कामी मायकोरायझा ही बुरशी साहाय्य करते. तिचे अतिसूक्ष्म तंतू मुळांत शिरतात, तसेच बाहेर मातीत पसरून स्फुरद झाडास आणून देतात. मोबदल्यात झाड पानांत तयार झालेली शर्करा बुरशीस पुरविते. ट्रायकोडर्मा ही दुसरी उपकारक बुरशी होय. मूळकूज करणाऱ्या बुरशीच्या तंतूंस विळखा घालून ती त्यांचा नाश करते.

सूक्ष्म जीवांच्या अशाच झगड्यातून मानवास औषधे लाभली. १९२८ साली बुरशीपासून पेनिसिलीनचा, तर १९४३ साली मातीतील जिवाणूपासून क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्यात डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच जिवाणूंपासून दोन औषधे शोधली. हॅमायसीन माणसाच्या बुरशीजन्य विकारांवर, तर ऑरिओफंगीन पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर उपयोगी ठरले. म्हणून जखमेस माती लावावी, असे मात्र मुळीच नव्हे. मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात.

बागाईतदारांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

१. पातेरा न जाळता आळ्यात पसरावा. मात्र बुंध्यास चिकटू देऊ नये.

२. शंभर किलो ओलसर, कुजलेल्या शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळून ढीग सावलीत गोणपाटाने झाकावा. ओल टिकवून दहा-पंधरा दिवसांनी ते खत आळ्यात घालावे. खरेदीच्या वेळी पुडीवरील मुदत पाहावी.

३. ताम्रयुक्त औषध ट्रायकोडर्मासोबत मिसळू नये. पोफळीस बोर्डो मिश्रण फवारताना ते आळ्यात ओतू नये.

४. आळ्यात खोल खणणी टाळावी. तिने मुळे व बुरशीचे तंतू तुटतात.

या उपायांनी मेलेले झाड उठणार नाही. परंतु उभे आहे त्याचे मूळ सशक्त राहील. माड लावणाऱ्याच्या नातवंडांसही फळ देतो. त्याच्या आळ्यातील माती जिवंत राखणे हे आपल्याच हिताचे आहे.