संमोहन, चिंता आणि समोरच्या खुर्चीतला माणूस



मागच्या भागात निवृत्तीनंतरच्या झोपेविषयी बोलताना मी ओघात सांगून गेलो की माझ्या चिंतेच्या उपचारांत संमोहनाचाही वाटा होता. त्यानंतर इंदूर, बडोदा, हुबळी, कुठून कुठून विचारणा झाली. निम्म्यांचा प्रश्न, "साहेब, तुम्ही खरंच बेशुद्ध झाला होतात का?" उरलेल्यांचं म्हणणं, "त्या डॉक्टरांचा नंबर द्या." पहिल्याचं उत्तर 'नाही'. नंबर मात्र मी कुणालाच दिला नाही. माझ्यासाठी योग्य ठरलेली व्यक्ती तुमच्यासाठी योग्य असेलच असं नाही, आणि ती कशी शोधायची हे कळलं तर माझ्या नंबरची गरजच राहत नाही.

मी पायदळातला निवृत्त अधिकारी. पदवी कलाशाखेची. वैद्यकातलं जे कळतं ते रुग्ण म्हणून कळलेलं आणि मग वाचून पडताळलेलं. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

चिंताविकार म्हणजे काय, हे फौजी माणसाला एका शब्दात सांगता येतं: स्टँड-टू. चौकीवर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळी तुकडी हत्यारं घेऊन आपापल्या मोर्चात सज्ज राहते, कारण हल्ल्याची शक्यता त्या वेळी जास्त. थोड्या वेळाने स्टँड-डाउन होतं, चहा येतो, माणसं सैलावतात. चिंताविकारात शरीर स्टँड-टू घेतं आणि स्टँड-डाउनची ऑर्डर येतच नाही. मेंदूतला धोका हेरणारा भाग घंटा वाजवत राहतो, ॲड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो. समोर शत्रू नसतोच. माझ्या समोर होता तो सिकंदराबादच्या उड्डाणपुलावरचा ट्रॅफिक जॅम.

नोकरीत असताना असं कुणाला होत नाही, असं समजू नका. फौजेत तब्येतीची श्रेणी 'शेप' या नावाने ठरते आणि त्यातलं पहिलं अक्षर मनाच्या स्वास्थ्याचं आहे. ती श्रेणी खाली गेली तर बढतीवर, पोस्टिंगवर परिणाम होईल, या भीतीने कितीतरी जण गप्प बसतात. फौजेबाहेरही वेगळं नाही. घरात मुलीचं लग्न ठरायचं असतं, कुणाला नोकरी टिकवायची असते. 'सायकियाट्रिस्टकडे जातो' म्हणण्यापेक्षा 'हिप्नोथेरपी घेतो' म्हणणं हलकं वाटतं. आणि जो लपूनछपून इलाज शोधतो, तो भोंदूच्या हाती लवकर सापडतो.

आता संमोहन म्हणजे काय ते पाहू. अठराव्या शतकात मेस्मर नावाचा डॉक्टर पॅरिसमध्ये लोकांवर 'प्राणिज चुंबकत्वाचे' प्रयोग करत असे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्याची चौकशी करायला समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए त्या समितीत होते. समिती म्हणाली, असा कोणताही चुंबकीय द्रव नाही, परिणाम होतो तो रुग्णाच्या कल्पनाशक्तीमुळे. लोकांनी हा मेस्मरचा पराभव मानला. मला मात्र वाटतं, पुढच्या उपचाराचं बीज त्याच वाक्यात होतं. पुढे १८४३ मध्ये जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने पुस्तक लिहून 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ केलं, निद्रेची ग्रीक देवता हिप्नॉस हिच्यावरून. तिथेच घोळ झाला. ही झोप नाही, एका कल्पनेवर एकवटलेलं लक्ष आहे, हे नंतर ब्रेडच्याही ध्यानात आलं आणि त्याने नाव बदलायचा प्रयत्न केला. पण तोवर जुनं नाव चिकटलं होतं.

आपल्याकडचा धागा हुगळीचा. कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर जेम्स एस्डेल याने १८४५ पासून तिथे रुग्णांना मेस्मरच्या पद्धतीने गुंगवून मोठमोठ्या गाठी काढल्या. क्लोरोफॉर्म अजून यायचं होतं. सरकारने त्याला कलकत्त्यात प्रयोगासाठी एक इस्पितळही दिलं. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर ही पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच झालं. भूल द्यायला खात्रीचं औषध असताना कल्पनाशक्तीच्या भरवशावर पोट कोण फाडून घेईल?

चिंतेचं तसं नाही. चिंतेत कल्पनाशक्तीच बिघाड करत असते. "श्वास अडकला तर? इथेच कोसळलो तर?" ही वाक्यं आपण आपल्याला दिवसाला शंभर वेळा सांगतो, तीही पूर्ण तल्लीन होऊन. एका अर्थी चिंताग्रस्त माणूस स्वतःला उलट्या दिशेने संमोहित करण्यात पटाईत असतो. उपचारात तीच क्षमता सुलट वापरायची.

माझ्या बैठका पाऊण तासाच्या होत्या. पहिल्या दोन नुसत्या बोलण्यात गेल्या: त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, दारू किती, चहा किती, घरात कुणाला असं होतं का. तिसऱ्या बैठकीत खुर्चीत डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, मग पायाच्या बोटांपासून एकेक अवयव ढिला सोडायचा. मन पुरेसं एकाग्र झालं की तोच उड्डाणपूल डोळ्यांसमोर आणायचा, गाडी थांबलेली, मागे हॉर्न, आणि तरीही श्वास संथ. भीतीची तालीम आपण रोजच करतो, ही शांतपणाची तालीम. सगळा वेळ मला बाहेरच्या जिन्यावरची पावलं ऐकू येत होती. मनात आलं असतं तर उठून निघून गेलो असतो. स्टेजवरच्या खेळात माणूस कोंबडा होऊन आरवतो, त्याचा आणि याचा संबंध तेवढाच जेवढा सर्कशीतल्या घोड्याचा आणि घोडदळाचा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे काम शब्दांनी होतं, त्यामुळे भाषेचा प्रश्न येतो. माझ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई तेलुगू, आमचं बोलणं इंग्रजी-हिंदीत. त्या 'रिलॅक्स' म्हणाल्या, माझं अंग काही ढिलं होईना. मग 'विश्राम' म्हणून पाहिलं. आता फौजेत विश्राम हीसुद्धा ऑर्डरच. ती कानावर पडली की माणूस पाय फाकवून, हात मागे घेऊन ताठ उभा राहतो! आम्ही दोघेही हसलो. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी ताप आला की आई काय म्हणायची?" मी म्हटलं, "निज आता, अंग सैल सोड." ते त्यांनी माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतलं आणि आपल्या तेलुगू उच्चारात तेच वापरलं. चाललं. नंतर घरी ऐकण्यासाठी दहा मिनिटांची सूचना मी माझ्याच आवाजात, मराठीत, मोबाइलवर रेकॉर्ड केली. रोज दुपारी ऐकत असे. तेव्हा तज्ज्ञ मराठीच हवा असा हट्ट नको. तुमचे शब्द मागून घेणारा हवा.

गुण किती येतो? २०१९ मध्ये चिंतेवरच्या संमोहनाच्या अनेक चाचण्या एकत्र करून तपासणारं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. उपचार संपताना संमोहन घेतलेल्या सरासरी माणसाची चिंता, न घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांपेक्षा जास्त कमी झाली होती. दुसऱ्या मानसोपचाराबरोबर दिलं तर गुण अधिक, असंही त्यात दिसलं. आकडा चांगला आहे, पण यातल्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या, हे विसरू नका. शिवाय सगळ्यांना संमोहन सारखं लागत नाही. थोड्यांना फार सहज, थोड्यांना जवळजवळ नाहीच, बाकीचे मधले. मी मधला. चिंताविकारावर आजही पहिली पसंती सीबीटी म्हणजे विचार-वर्तन उपचार आणि गरजेप्रमाणे औषधं. संमोहन ही त्या उपचाराला दिलेली जोड. मलाही सुरुवातीला थोडी औषधं होती आणि ती मनोविकारतज्ज्ञाने कमी करत आणली, मी नाही.

आता निवडीचं. या क्षेत्रातला एक जुना दंडक माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे: जो आजार संमोहनाशिवाय बरा करण्याची पात्रता तुमच्याकडे नाही, तो संमोहनाने करायला जाऊ नका. हा दंडक उपचार करणाऱ्यासाठी आहे, आपण तो उलटून वापरायचा. फोनवरच विचारा, "संमोहन मला लागलंच नाही तर माझ्या चिंतेवर तुम्ही दुसरं काय कराल?" खरा तज्ज्ञ दोन-तीन मार्ग सांगेल. ज्याच्याकडे एवढं एकच हत्यार आहे तो म्हणेल, "लागणारच, माझी शंभर टक्के गॅरंटी." तिथेच फोन ठेवा.

भारतात 'हिप्नोथेरपिस्ट' या नावाचा सरकारी परवाना नाही. शनिवार-रविवारचा कोर्स करून कुणीही पाटी लावू शकतो आणि भिंतीवर सोनेरी शिक्क्याचं 'इंटरनॅशनल' प्रमाणपत्र टांगू शकतो. म्हणून त्या पाटीखालची मूळ पात्रता पाहा. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसरोगशास्त्रात पुढे शिकलेला डॉक्टर असतो. त्याचं नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या नोंदवहीत शोधता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, आणि मुदत संपलेली नाही ना तेही बघा. क्रमांक विचारला म्हणून चिडणारा माणूस आपल्या कामाचा नाही. फौजेत गेटवर ओळखपत्र मागितलं म्हणून जनरलसाहेबसुद्धा चिडत नाहीत. आणि नावामागच्या 'डॉ.' वर जाऊ नका. तो पीएचडीचा असू शकतो, तोही भलत्याच विषयातला.

या पात्रतेवर संमोहनाचं प्रशिक्षण कुठे घेतलं, चिंतेचे रुग्ण नेहमी पाहता का, साधारण किती बैठका लागतील, हे विचारा. माझ्या आठ झाल्या. वीस बैठकांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेणाऱ्याला मी नमस्कार करून परत आलो असतो. सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर काय, याचंही उत्तर त्याच्याकडे हवं. बाईमाणसाला सोबत कुणाला बसवावंसं वाटलं तर त्याला हरकत नसावी, आणि न विचारता स्पर्श किंवा रेकॉर्डिंग तर अजिबात चालणार नाही.

सगळ्यात जास्त जपायचं ते 'मागे नेण्याच्या' प्रकाराला. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलतो. तिला पाण्याची भीती. दुसऱ्या राज्यात नोकरीला असताना ती एका अशाच पाटीवाल्याकडे गेली. चौथ्या बैठकीत त्याने तिला बालपणात नेलं आणि विचारत राहिला, "मागून कोण ढकलतंय? चेहरा बघ." तिला चेहरा दिसला, काकांचा. तोपर्यंत असं काही तिला कधी आठवलं नव्हतं. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं बंद आहे. काकांनी ढकललं होतं की नाही, हे आता कुणालाच ठरवता येणार नाही, खुद्द तिलाही नाही. संमोहनात स्मृती व्हिडिओसारखी परत चालू होत नाही. सुचवलेली गोष्टही खऱ्या आठवणीइतकी लख्ख दिसते आणि वर तिच्याबद्दल खात्री वाटते. म्हणूनच संमोहनातून मिळालेल्या साक्षीबाबत अमेरिकेतली अनेक न्यायालयं सावध असतात. गतजन्माचं तर बोलूच नये. त्याला शास्त्रीय आधार नाही. तुमची श्रद्धा काही असो, धडधडीवरचा इलाज म्हणून त्यासाठी पैसे मोजू नका. चिंतेवर काम करायला हरवलेली आठवण उकरून काढावी लागत नाही. माझ्या आठ बैठकांत माझं बालपण आलं ते आईच्या त्या एका वाक्यापुरतं.

कुठेही जाण्याआधी साध्या फिजिशियनला भेटा. थायरॉइड वाढलेलं असलं, हृदयाचे ठोके अनियमित असले, साखर उतरत असली तरी असंच होतं. माझा ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी आधी झाली होती. ज्यांना भास होतात, ज्यांना कधी उन्माद किंवा सायकोसिसचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊ नये. फिट येणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. चालू औषधं कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका. आणि याच मंचावर संमोहनाचे ढीगभर व्हिडिओ आहेत. ऐकायचेच असतील तर घरी बसून ऐका, गाडी चालवताना नको.

गावात कुणीच तज्ज्ञ नसेल, किंवा सुरुवात कुठून करायची तेच कळत नसेल, तर टेलिमानसला १४४१६ वर फोन लावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतूनही बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर संमोहनाचा विचार बाजूला ठेवून आजच हा नंबर फिरवा, किंवा जवळच्या इस्पितळात जा. माजी सैनिकांनी आपल्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगावं. तिथे आता तुमची कोणतीही श्रेणी खाली जायची राहिलेली नाही.

पुढच्या भागात ज्या प्रश्नाला मी दोन महिने बगल देतोय तो घेऊ: दारू आणि झोप. जय हिंद.