स्वयंचलित यंत्रणेतील दोषांचे निदान

वीजकेंद्रे, कारखाने व विमाने यांचे नियंत्रण आज बहुतांशी स्वयंचलित यंत्रणेमार्फत होते. अशा यंत्रणेत बिघाड झाल्याचे ओळखणे ही पहिली पायरी होय. तो कोठे व कशामुळे झाला हे ठरविणे, ही दुसरी. मापके पूर्णपणे अचूक नसतात व परिस्थितीही बदलत असते. यास्तव इशाऱ्याची मर्यादा फार कडक ठेवल्यास खोटे इशारे वाढतात. सैल ठेवल्यास खरा बिघाड निसटतो.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दाब कमी करण्यासाठी उघडलेली झडप पुन्हा बंद झाली नाही. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र विझला. कारण तो झडपेची प्रत्यक्ष स्थिती नव्हे, तर तिला दिलेला आदेश दर्शवीत होता. झडपेपुढील नळीचे तापमान वाढले होते. परंतु तेथे आधीपासून गळती असल्याने त्याचा अर्थ लक्षात आला नाही. पाणी पुरेसे आहे असे समजून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला. दोन तासांहून अधिक काळ गळती चालू राहिली व अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला.

यावर दोन उपाय आहेत. यंत्राच्या गणिती प्रतिरूपावरून अपेक्षित मापन काढून ते प्रत्यक्ष मापनाशी सतत ताडून पाहणे, हा एक. महत्त्वाच्या जागी तीन स्वतंत्र मापके बसविणे, हा दुसरा. दोहोंत तफावत पडल्यास चूक कोणाची हे कळत नाही, तिसऱ्यामुळे कळते.

गावच्या नळपाणी योजनेलाही हे सूत्र लागू आहे. पंपाचा दिवा लागला म्हणजे टाकीत पाणी पडले, असे नव्हे. टाकीची पातळीही पाहिली पाहिजे.