छोट्या नौका, लांबची शिकार

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी मुंबईच्या मच्छीमारनगरात उतरले आणि किनारा किती उघडा आहे हे साऱ्या देशाला कळले. पुढच्याच फेब्रुवारीत, १६ तारखेला, ‘कार निकोबार’ आणि ‘चेतलाट’ या गस्तीनौका चेन्नईत नौदलात दाखल झाल्या. हल्ल्याला दिलेले उत्तर म्हणून त्यांचे कौतुक झाले. पण तीन महिन्यांत युद्धनौका बांधून होत नाही; कोलकात्याच्या ‘गार्डन रीच’ गोदीत त्यांचे काम आधीपासूनच चालू होते.

२०११ पर्यंत अशा दहा नौका झाल्या. लांबी जेमतेम ४९ मीटर, वेग मात्र ३५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर. यांना बुडाखाली फिरणारा पंखाच नाही. तीन वॉटरजेट बुडाखालचे पाणी ओढून घेतात आणि मागे जोरात फेकतात. खाली काही लोंबत नसल्याने उथळ पाण्यातही शिरता येते. पुढे ३० मिलिमीटरची तोफ. बेटांची नावे मिरवणाऱ्या या नौकांचा घाट किनाऱ्याजवळच्या पाठलागासाठीच घातलेला.

नाव गाजले ते मात्र लक्षद्वीपच्या पाण्यात. २८ जानेवारी २०११ रोजी या दहांतल्या ‘कंकार्सो’ने ‘प्रांतालय १४’ला गाठले. सोमाली चाच्यांनी पळवलेला हा थाई ट्रॉलर त्यांचा फिरता तळच झाला होता. इशाऱ्याचा गोळा सुटताच चाच्यांनी गोळीबार सुरू केला. ‘कंकार्सो’ने उलट मारा केला, ट्रॉलरवरच्या इंधनाच्या पिंपांनी पेट घेतला आणि तो बुडाला. पंधरा चाचे पकडले, ओलीस धरलेले वीस खलाशी वाचले. दीड महिन्यात तिच्याच जातीच्या ‘कल्पेनी’ने ‘खुकरी’ या युद्धनौकेच्या जोडीने ‘वेगा ५’ या पळवलेल्या नौकेवरचे ६१ चाचे धरले. पकडलेल्या चाच्यांवरचे खटले मुंबईत चालले.

किनाऱ्यावरचा प्रश्न मात्र निराळाच होता. मुंबईत उतरलेले दहशतवादी ज्या ‘कुबेर’वरून आले, ती आपलीच मासेमारी नौका होती. शेकडो ट्रॉलरांच्या गर्दीत संशय कुणाचा घ्यायचा, हे ३५ नॉटचा वेग कसा सांगणार? त्यासाठी मच्छीमारांची ओळखपत्रे, बोटींची नोंदणी आणि राज्यागणिक ठरलेले रंग हीच साधने. तोफेइतकी ती छायाचित्रात शोभत नाहीत, एवढेच.

नंतर आणखी चार नौका आल्या. त्यांतली शेवटची ‘तरासा’ २०१७ मध्ये मुंबईत दाखल झाली. ‘तारमुगली’ नावाची आधीची एक नौका २००५ मध्ये सेशेल्सला भेट गेली होती. या चारांतली याच नावाची नवी नौका मे २०२३ मध्ये मालदीवला दिली गेली. तिथे ती ‘हुरावी’ झाली. आधीची ‘हुरावी’सुद्धा भारतानेच दिलेली होती.