दुर्बीण, चष्मा आणि समुद्र

'दुर्बीण' आणि 'चष्मा' हे दोन्ही शब्द मराठीने फारसीकडून घेतले. 'दूर' म्हणजे लांब आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. 'चश्म' म्हणजे डोळा. किनाऱ्यावर होडीच्या मालकाला आपण 'नाखवा' म्हणतो, तोही मूळचा फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. मराठीत हे तिन्ही शब्द गुण्यागोविंदाने नांदतात. पण चष्मा लावणारा नाखवा प्रत्यक्षात दुर्बीण डोळ्याला लावतो, तेव्हा मात्र भांडण सुरू होते. दुर्बिणीची कड चष्म्याच्या काचेवर आपटते, नजर बसत नाही, आणि मोठ्या गोल चित्राऐवजी किल्लीच्या भोकातून पाहावे तसे एवढेसे काहीतरी दिसते. मग माणूस वैतागून चष्मा तरी काढतो, नाहीतर दुर्बीण तरी खुंटीला टांगतो.

हे भांडण मिटवता येते, आणि त्यासाठी लाखभर रुपयांची दुर्बीण लागत नाही. काय पाहून घ्यायची, एवढे कळले म्हणजे पुरे.

आधी हे लक्षात घेऊ, की समुद्रावर पाहणे ही हौस नव्हे. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांतला पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक नौकेने डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असलेल्या सर्व साधनांनी सतत पहारा ठेवला पाहिजे. रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकदम दिसले, तर ते जहाज नाकासमोर आपल्याकडेच येत आहे. त्या क्षणी दिवा एक की दोन, लाल की हिरवा, याला फार मोठी किंमत असते. खाडीच्या तोंडाशी बोया शोधताना, दुसऱ्याच्या जाळ्याची बोचकी चुकवताना आणि पाण्यात पडलेला माणूस हुडकतानाही तेच.

आता प्रश्न येतो, दुर्बीण वापरताना चष्मा ठेवायचा की काढायचा? ज्याला फक्त वाचायला चष्मा लागतो, त्याने तो खुशाल काढावा. लांबचा साधा नंबर असेल, तर दुर्बिणीची चकती फिरवून तो भरून काढता येतो. पण नंबरात 'सिलिंडर' असेल, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसेल, तर दुर्बीण कितीही फिरवली तरी तो दोष जात नाही. लांबचा दिवा फाटतो, त्याला शेपट्या फुटतात, एकाचे दोन भासतात. अशा माणसाने चष्मा काढता कामा नये.

शिवाय समुद्रावर कोणी एकटक दुर्बिणीतून पाहत बसत नाही. आधी उघड्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीतून, मग खाली होकायंत्रावर, पुन्हा समोर, असे चाललेले असते. दर वेळी चष्मा काढायचा, खिशात घालायचा, पुन्हा लावायचा, एवढ्यात होडी लाटेवर चढून उतरलेली असते. आणि एक फायदा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चष्मा लावून पाहणाऱ्याची दुर्बीण जवळपास शून्याच्या खुणेवर जुळते; चांगल्या नजरेच्या माणसाचीही तिथेच जुळते. म्हणजे तांडेलाने दुर्बीण खलाशाच्या हाती दिली, तर त्याला ती बहुधा नव्याने जुळवावी लागत नाही. तेव्हा चष्मा डोळ्यांवरच राहू द्यावा आणि त्याला सामावून घेईल अशी दुर्बीण शोधावी.

दुर्बिणीच्या अंगावर ७×५० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. गिऱ्हाइकाची नजर नेमकी पहिल्या आकड्यावर जाते. माझ्या भाच्याची स्वतःची बोट आहे. तो एकदा म्हणाला, "मामू, वीस पॉवरची मिळतेय, घेऊ का?" मी म्हटले, "सातची घे." त्याला वाटले, मामू पैसे वाचवायला सांगतायत. पण कारण वेगळे होते. दुर्बीण चित्र जितके मोठे करते, तितकाच हाताचा कंप आणि होडीचा डोलही मोठा करते. डोलत्या होडीवर सात पटींच्या पुढे गेले, की चित्र नाचू लागते. दहाच्या पुढे तर पाहवतच नाही. शिवाय पॉवर वाढली, की दिसणारा टापू आकसतो. ७×५० मधून एक किलोमीटर अंतरावरचा साधारण सव्वाशे मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो. आणि पृथ्वी गोल आहे, हे विसरून कसे चालेल? डोळा पाण्यापासून दोन मीटर उंच असेल, तर क्षितिजच पाच किलोमीटरवर असते. पॉवर वाढवून ते मागे सरकत नाही. १६०९ साली गॅलिलिओने व्हेनिसच्या कारभाऱ्यांना मनोऱ्यावर नेऊन आपली दुर्बीण दाखवली आणि बंदराकडे येणारी जहाजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याआधी दोन तास दिसू लागली. ती दुर्बीणही आठ-नऊ पटींचीच होती.

दुसरा आकडा प्रकाशाचा. ५० ला ७ ने भागले, की साधारण ७ येतात. मागच्या भिंगातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्यातली बाहुली जवळपास तेवढीच उघडते. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांची पाचच्या आसपास थांबते. मग आपल्याला एवढा रुंद झोत कशाला? तर होडी हलते म्हणून. झोत रुंद असला, की डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी चित्र निसटत नाही. मात्र दिवसाच वापरायची असेल, लाँचमधून किंवा किल्ल्याच्या बुरुजावरून पाहायचे असेल, तर ७×३५ किंवा ८×४२ ही हलकी दुर्बीण पुरते. ७×५० चे वजन किलोभराच्या घरात जाते.

आता चष्मेवाल्यांच्या खऱ्या आकड्याकडे येऊ. तो दुर्बिणीच्या अंगावर सहसा लिहिलेला नसतो. सोबतच्या माहितीपत्रकात 'आय रिलीफ' या नावाने असतो. मागच्या भिंगापासून किती अंतरावर डोळा ठेवला असता पूर्ण चित्र दिसते, ते हे अंतर. डोळ्याला मिळणारी मोकळीक म्हणा ना! चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण बारा-चौदा मिलिमीटर पुढे असते, शिवाय तिची स्वतःची जाडी असते. म्हणजे दहा-बारा मिलिमीटर मोकळीक असलेली दुर्बीण चष्मेवाल्याच्या कामाची नाही. पंधरा ही किमान पातळी. अठरा किंवा अधिक असेल तर उत्तम. निकॉन, फुजिनॉन यांच्या काही ७×५० सागरी दुर्बिणींत ती वीसच्याही वर आहे. पण छापील आकड्यावर विसंबू नये. तो भिंगाच्या काचेपासून मोजलेला असतो आणि काच बहुधा कडेपेक्षा आत बसवलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-चार मिलिमीटर कमीच पदरात पडतात.

डोळ्याशी टेकणारी रबरी वाटी दुमडणारी किंवा फिरवून खाली बसणारी असावी. चष्मेवाल्याने ती खाली करून पाहायचे, बिनचष्म्याच्या माणसाने वर करून. कड कठीण प्लास्टिकची असेल, तर काही महिन्यांत चष्म्याच्या काचेवर ओरखडे उठतील. काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असेल, तर दुर्बीण थोडी वर धरून वरच्या, लांबच्या भागातून पाहावे. उन्हात काळा होणारा चष्मा दुर्बिणीतले चित्रही काळवंडवतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आता पैशाचे पाहू. अगदी स्वस्त दुर्बीण ही खेळणे असते आणि अतिमहाग दुर्बिणीचे शेवटचे हजारो रुपये अगदी बारीकशा फरकासाठी मोजावे लागतात. मधल्या किमतीत पैसा तीन गोष्टींवर जावा. पहिली गोष्ट, पाणी आत न शिरणे. आत नायट्रोजन वायू भरून पक्की बंद केलेली असेल, तर पावसाळी हवेतही आतून बाष्प धरत नाही. 'पाण्याचे शिंतोडे सोसते' आणि 'पाण्यात बुडली तरी चालते' या दोहोंत फरक आहे. आपल्याला दुसरी हवी. दुसरी गोष्ट, भिंगांवरचा लेप. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग अनेक. म्हणून सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप आहे ना, हे विचारावे. काचेचा लाल-केशरी चकचकाट ही त्याची खूण नव्हे. तिसरी गोष्ट, आतले लोलक. इग्नाझिओ पोरो या इटालियन संशोधकाने १८५४ साली पेटंट घेतलेली रुंद खांद्यांची जुनी रचना दिसायला बोजड, पण त्याच किमतीत ती सडपातळ दुर्बिणीपेक्षा बहुधा चांगले चित्र देते. आत होकायंत्र असलेली दुर्बीण उपयोगी खरी, पण आधी या तीन गोष्टी, मग होकायंत्र.

सागरी दुर्बिणीत बरेचदा दोन्ही डोळ्यांसाठी वेगळ्या चकत्या असतात. गिऱ्हाइकाला ते अडचणीचे वाटते, पण समुद्रावर तेच सोयीचे. चष्मा लावून लांबच्या वस्तूवर आधी एक डोळा, मग दुसरा जुळवायचा आणि खूण लक्षात ठेवायची. मग पंचवीस-तीस मीटरपलीकडचे सारे क्षितिजापर्यंत स्पष्ट राहते, पुन्हा हात लावावा लागत नाही. फिरणारे भाग कमी, म्हणून पाणी शिरायच्या वाटाही कमी.

दुकानात जाताना आपला रोजचा चष्मा लावूनच जावे. वाटी खाली करून पाहावे. चित्राच्या कडेची काळी गोल रेघ चारी बाजूंनी स्पष्ट दिसली, तर मोकळीक पुरेशी आहे. मग दुर्बीण हातभर लांब, उजळ आभाळाकडे धरून मागच्या भिंगातले प्रकाशाचे ठिपके पाहावेत. ते पूर्ण गोल हवेत. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या, तर लोलकाची काच हलकी आहे. शेवटी लांबच्या छपराची आडवी कड पाहत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्यावी. दोन्ही नळ्यांत ती कड एकाच उंचीवर राहिली पाहिजे. खालीवर झाली, तर नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण तासाभरात डोके दुखवते. दुकानदार घाई करत असेल, तर दुसरे दुकान गाठावे.

घरी आणल्यावर मिठापासून जपावे. खारे पाणी वाळले, की भिंगावर मिठाचे कण बसतात. ते कोरड्या फडक्याने पुसले, तर काच खरवडते. आधी गोड्या पाण्याने धुवावे, मग मऊ फडक्याने टिपावे. चष्म्यालाही हाच नियम. चष्म्याला मागून दोरी बांधावी आणि दुर्बिणीला तरंगणारा पट्टा.

आपल्याकडे बरेच वयस्कर तांडेल लांबचा नंबर असूनही चष्मा घरी ठेवून दर्यावर जातात. काचेवर पाणी उडते, हे एक कारण. आणि दुसरे, सहसा न बोललेले, म्हणजे तांडेलाने चष्मा लावला तर खलाशी काय म्हणतील! ऑगस्टमध्ये बंदी उठून बोटी पुन्हा समुद्रात उतरतात. त्याआधीच्या दोन मोकळ्या महिन्यांत इंजिन तपासून होते, जाळी विणून होतात. त्याच दिवसांत एक फेरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे व्हावी. आणि नवा चष्मा हाती आला, की तो लावूनच दुर्बीण पाहायला जावे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)