भौतिकोपचारातील पदवी-प्रकल्प : प्रश्नाची निवड व मापनाची मर्यादा

भौतिकोपचाराच्या पदवीसाठी अंतिम वर्षात जो संशोधन-प्रकल्प करावयाचा असतो, त्यास अवधी थोडा असतो आणि रुग्णही मोजकेच मिळतात. त्यामुळे पुष्कळदा एक ठरीव मांडणी पत्करली जाते. एका व्याधीचे वीस-तीस रुग्ण घ्यावयाचे, त्यांस काही आठवडे विशिष्ट व्यायाम द्यावयाचा, आणि आधीच्या व नंतरच्या मापांत फरक आढळला म्हणजे व्यायाम गुणकारी ठरवावयाचा. ही मांडणी सुलभ खरी. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष कितपत टिकतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

गुडघ्याच्या झिजेचे उदाहरण घेऊ. या व्याधीत वेदना कधी वाढते, कधी ओसरते. रुग्ण उपचारार्थ येतो तो बहुधा वेदना असह्य झाल्यावर. साहजिकच पुढील माप काहीही न करता खाली येण्याचा संभव असतो. टोकाची मापे पुनर्मापनात सरासरीकडे झुकतात, ही गोष्ट फ्रान्सिस गाल्टन याने आईबाप व मुले यांच्या उंचीवरून १८८६ मध्ये दाखविली होती. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर हा झुकाव व व्यायामाचा गुण यांची फोड करता येत नाही.

दुसरी अडचण मापनाची. समजा, कोनमापकाने घेतलेल्या गुडघ्याच्या वाकाच्या मापांचे प्रमाण विचलन १० अंश आहे व विश्वसनीयता-गुणांक ०.९१ आहे. एकातून हा गुणांक वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.३ ने, विचलनास गुणिले असता मापनाची प्रमाण त्रुटी ३ अंश येते. दोन मापांतील फरकासाठी तीस २ च्या वर्गमुळाने आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने गुणिल्यास सुमारे ८.३ अंश होतात. अर्थात एखाद्या रुग्णात ५ अंशांची वाढ दिसली, तरी ती केवळ मापनातील चूक असू शकेल. गटाच्या सरासरीतील यादृच्छिक त्रुटी रुग्णसंख्येबरोबर घटते. तथापि उपचार करणारा व माप घेणारा विद्यार्थी एकच असल्यास त्याच्या अपेक्षेमुळे मापांत शिरणारा कल संख्या वाढवून नाहीसा होत नाही.

यावरून पदवी-प्रकल्पास उचित प्रश्न कोणता, हे ध्यानी येते. आपल्या विभागात नित्य वापरली जाणारी कसोटी कितपत विश्वसनीय आहे, हाच स्वतंत्र विषय होऊ शकतो. दोन निरीक्षकांनी परस्परांची मापे न पाहता त्याच रुग्णांची मापे घ्यावीत व त्रुटी काढावी. असे काम थोड्या अवधीत पुरे होते आणि त्याचे फलित पुढील प्रत्येक संशोधकाच्या उपयोगी पडते. उपचाराचीच परीक्षा करावयाची असल्यास तुलनेचा गट यदृच्छेने निवडावा, व माप घेणारास रुग्ण कोणत्या गटातील हे कळू देऊ नये. अशा चाचणीची नोंद भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदपटात पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच व्हावी, असा नियम १ एप्रिल २०१८ पासून आहे. प्रकल्प कोणताही असो, नीतिसमितीची मान्यता आणि रुग्णास समजेल अशा भाषेतील संमतिपत्र ही आधी हवीत.

रुग्ण आपला वेळ व दुखरा सांधा विद्यार्थ्याच्या स्वाधीन करतो. उत्तर मिळणे ज्यात मुळातच शक्य नाही, अशा प्रकल्पासाठी त्याची संमती मागणे न्याय्य नव्हे. म्हणून रुग्ण घेण्यापूर्वी मार्गदर्शकासह अपेक्षित फरक व मापनाची त्रुटी शेजारी मांडून पाहावी. त्रुटी मोठी दिसल्यास त्याच वेळी प्रश्न बदलावा.